तक्रारीला कायदा आहे, तक्रार करणारीच्या नोकरीला नाही

‘तक्रार कर, कायदा आहे,’ असं सांगणारे आपल्याला भरपूर भेटतात. तक्रारीनंतर नोकरी गेली तर खोलीचं भाडं, धाकट्या भावाची फी आणि गावाकडे पाठवायचे पैसे कुठून आणायचे, हे सांगणारं कुणी भेटत नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाची आपल्याकडची चर्चा तक्रारपेटीपाशी सुरू होते आणि समितीच्या अहवालापाशी संपते. तक्रार केली म्हणून जिला काढलं, ती या चर्चेत नसतेच.

माझं म्हणणं सरळ आहे. २०१३ च्या कायद्याने तक्रारीला जागा दिली. तक्रार करणारीची नोकरी मात्र मालकाच्या मर्जीवर सोडली. आणि मालकाची मर्जी या देशात जातीबाहेर नसते.

हा कायदा कुणाच्या जिवावर आला ते आधी पाहू. भंवरीदेवी राजस्थान सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात ‘साथिन’ होत्या, भटेरी गावच्या, कुंभार समाजातल्या. बालविवाह रोखणं हे त्यांचं काम. ते केलं म्हणून १९९२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. १९९५ मध्ये जयपूरच्या सत्र न्यायालयाने बलात्काराच्या आरोपातून सगळ्यांना सोडलं. वरच्या जातीचे पुरुष खालच्या जातीच्या बाईवर बलात्कार करणार नाहीत, असा तर्क त्या निकालात होता. त्यानंतर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा विशाखा निकाल आला. त्यात भंवरीदेवी फक्त एका गावातल्या समाजसेविका उरल्या. जात गळून पडली. तरी त्या मार्गदर्शक तत्त्वांत एक गोष्ट स्पष्ट होती: तक्रार करणारीला आणि साक्षीदारांना त्याबद्दल त्रास होता कामा नये. २०१३ च्या कायद्यात तक्रारीचा सूड म्हणून कामावरून काढणं हा गुन्हा ठरवणारं स्वतंत्र कलम नाही. म्हणजे आधी जात गळाली, मग नोकरीची हमीही गळाली.

हे मी केवळ पुस्तकात वाचलेलं नाही. पीएच.डी.ला येण्याआधी मी एका संस्थेत अकरा महिन्यांच्या करारावर होते. एका सहकारी मैत्रिणीने वरिष्ठाविरुद्ध तक्रार केली, मी साक्ष दिली. अहवाल यायच्या आधीच आम्हा दोघींचे करार संपले; बाकीच्यांचे पुढे चालू झाले. ‘काढलं’ हा शब्द कुठल्याही कागदावर नाही. आम्ही दोघी आमच्या घरातल्या पहिल्या पदवीधर. त्या वरिष्ठाचे संचालक मंडळावरच्या लोकांशी घरगुती संबंध. समाजशास्त्रात याला सामाजिक भांडवल म्हणतात, आपल्या वस्तीत वशिला म्हणतात.

तरीही हातात काहीच नाही, असं नाही. जे आहे ते नीट माहीत असायला हवं, कारण प्रत्येक वाटेवर मुदतीचं घड्याळ लावलेलं आहे.

पहिली गोष्ट, नोकरी गेली म्हणून तक्रार मरत नाही. कायद्याच्या व्याख्येत पीडित महिला ‘नोकरीत असो वा नसो’, तक्रार करू शकते. कंत्राटी, रोजंदारीवरची, प्रोबेशनवरची, प्रशिक्षणार्थी, एजन्सीमार्फत आलेली, सगळ्याच यात येतात. मुदत घटनेपासून तीन महिने. समितीला कारण पटलं तर आणखी तीन. दहापेक्षा कमी माणसं असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. कलम ३ नुसार छळाच्या संदर्भात नोकरीबद्दल दिलेली धमकी हाही छळच ठरू शकतो, म्हणून ती धमकी तक्रारीत शब्दशः लिहा. कलम १२ खाली चौकशी चालू असताना बदली किंवा तीन महिन्यांपर्यंत रजा लेखी मागता येते. समितीच्या शिफारशी मान्य नसतील किंवा त्या अमलात येत नसतील, तर नव्वद दिवसांत अपील. आणि आरोप सिद्ध करता आला नाही, एवढ्यावरून तक्रार खोटी ठरत नाही; हे कलम १४ मध्येच लिहिलं आहे. एचआर तुम्हाला त्या कलमाचा अर्धाच भाग वाचून दाखवतं.

दुसरी गोष्ट, काढून टाकण्याविरुद्धची लढाई वेगळी आहे, आणि कुठे जायचं हे तुमच्या पदावर ठरतं. खासगी आस्थापनेतल्या कामगाराने कामगार खात्याच्या समेट अधिकाऱ्याकडे जायचं. तिथे मिटलं नाही तर न्यायाधिकरण. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत यासाठी दोन वर्षांची मर्यादा आहे. पण शिक्षिका कामगारांच्या व्याख्येत बसत नाहीत. १९८८ मध्ये गोव्यातल्या एका शिक्षिकेच्याच खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते ठरवलं. महाराष्ट्रातल्या खासगी शाळेतून काढलं तर शाळा न्यायाधिकरणात तीस दिवसांच्या आत अपील करावं लागतं. सरकारी नोकरी असेल तर प्रशासकीय न्यायाधिकरण, सरकारी बँक किंवा महामंडळ असेल तर उच्च न्यायालय. पंजाब अँड सिंध बँकेतल्या एका महिला अधिकाऱ्याची तक्रारींनंतर झालेली बदली सूडाची होती, असं म्हणत २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली. हा निकाल अर्जात जरूर लिहा. खासगी कंपनीत व्यवस्थापक पदावर असाल तर दिवाणी न्यायालय, आणि तिथे बहुधा भरपाईच मिळते, खुर्ची नाही.

तिसरी गोष्ट, फौजदारी वाट. भारतीय न्याय संहितेचं कलम ७५ सर्व महिलांसाठी आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या महिलेला त्यासोबत अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचं कलम ३(१)(डब्ल्यू) लावून घेता येतं. ‘मला तिची जात माहीतच नव्हती’ हा बचाव इथे सहज चालत नाही: आरोपी तुम्हाला किंवा तुमच्या घरच्यांना ओळखत होता हे दाखवलं, की जात माहीत होती असं कलम ८ नुसार न्यायालय धरून चालतं. मात्र ओबीसी महिलेला हे कवच नाही. ज्यांच्यामुळे विशाखा निकाल आला, त्या भंवरीदेवींच्या समाजालाही नाही.

आणि वकिलाचं काय? १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार कोणत्याही महिलेला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. तिथे जा. जाण्याआधी दोन गोष्टी पाळा: प्रत्येक कागदाची प्रत स्वतःच्या ई-मेलवर ठेवा, आणि ‘करिअर खराब होईल’ म्हणून पुढे सरकवलेल्या राजीनाम्यावर सही करू नका. सही झाली की ‘ती स्वतःहून गेली’ हे त्यांचं उत्तर तयार असतं.

आता मुद्द्यावर येते. एवढ्या वाटा, पण त्या चालायला पोटात अन्न लागतं. बाबासाहेबांनी १९४७ मध्ये ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ मध्ये हाच प्रश्न विचारला होता: उपाशी राहण्याची भीती असलेल्या बेकार माणसाला मूलभूत हक्कांचा काय उपयोग? पोटासाठी तो हक्कच सोडून देईल. आज आपल्या मुली नेमकं तेच करतात. त्या घाबरट नाहीत. त्यांना हिशोब येतो.

दुसरीकडे पाहा. गोवा विद्यापीठाने ज्याला काढलं, त्या आरोपी प्राध्यापकाच्या खटल्यात २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बडतर्फी रद्द केली, कारण समितीने घाईत चौकशी उरकली, बाजू मांडायला पुरेशी संधी दिली नाही. तत्त्व बरोबर आहे. ऐकून घेतल्याशिवाय कुणाची भाकरी काढू नये. मग तेच तत्त्व तक्रार करणारीला का नाही? तिच्यासाठी ‘करार संपला’ अशी एक ओळ पुरते.

म्हणून मागण्या तीन. एक: तक्रारीनंतर वर्षभरात तक्रारदार किंवा साक्षीदाराला काढलं, बदललं किंवा करार थांबवला, तर तो सूड नव्हता हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर टाका. दोन: निकाल लागेपर्यंत पगार चालू ठेवा. तीन: अंतर्गत समितीत दलित, आदिवासी, बहुजन स्त्रियांचं प्रतिनिधित्व सक्तीचं करा. आज अर्ध्या जागा स्त्रियांना आहेत, पण कोणत्या स्त्रियांना, हे कायदा विचारत नाही.

‘याचा गैरवापर होईल,’ असं म्हणणारे येतीलच. अ‍ॅट्रॉसिटी कायद्याबद्दलही ते हेच म्हणाले. २०१८ मध्ये त्याच नावाखाली तो कायदा पातळ झाला आणि लोक रस्त्यावर उतरले तेव्हा संसदेला दुरुस्ती करावी लागली. ती कुणी मेहेरबानीने दिली नव्हती. हीसुद्धा कुणी देणार नाही. आपल्या संघटनांनी, विद्यार्थी गटांनी, नोकरदार मंडळांनी आपल्या निवेदनात हे कलम आजच घ्यावं. आणि ज्या मुलीने तक्रार केली तिला ‘धाडसी’ म्हणण्याआधी विचारावं: या महिन्याचं भाडं भरलंस का?