१२० क्रेडिटांची पदवी



गेल्या पंधरवड्यात एका रविवारी मिस्सा आटोपून आम्ही चर्चच्या पायऱ्या उतरत होतो, तोच आमच्या धर्मग्रामातील एक शेतकरी गृहस्थ आपल्या कन्येसह पुढे आले. मुलगी बारावी उत्तीर्ण झालेली. घराण्यात कॉलेजात जाणारी पहिलीच. गृहस्थांच्या हाती गोव्यातील एका महाविद्यालयाचे माहितीपत्रक होते. "फादर, पोरीला इंग्रजी घेऊन बी. ए. व्हायचे आहे. पण या कागदात जिकडेतिकडे क्रेडिट लिहिले आहे. हे बँकेचे कर्ज की काय?" आम्हांस हसू आले, परंतु घरी बसून ते पत्रक वाचू लागलो, तेव्हा त्यातील निम्मे शब्द आम्हांसही परकेच निघाले. सेमिनरीत नऊ-दहा वर्षे घालविल्याचा येथे काही उपयोग झाला नाही.

मग जाणत्यांकडून जे समजून घेतले ते येथे देतो. क्रेडिट म्हणजे अभ्यासाचे माप होय. आठवड्यास एक तास याप्रमाणे पंधरा आठवडे व्याख्याने ऐकली की एका क्रेडिटाचे अध्यापन पुरे होते. चार क्रेडिटांच्या विषयास साठ तास. अर्थात परीक्षा उत्तीर्ण झाल्यावाचून क्रेडिट पदरी पडत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये आखून दिलेल्या चौकटीनुसार तीन वर्षांच्या पदवीस किमान १२० व चार वर्षांच्या ऑनर्स पदवीस किमान १६० क्रेडिटे लागतात. १२० पैकी निदान ६० मुख्य विषयाची, म्हणजे येथे इंग्रजीची, व २४ दुय्यम विषयाची असतात. उरलेली इतर शाखांचे विषय, भाषा, कौशल्ये व प्रत्यक्ष कामाचा अनुभव यांत विभागलेली आहेत. आपल्या कर्नाटकात मात्र शासनाने २०२४ साली चार वर्षांची रचना मागे घेऊन पुन्हा तीन वर्षांची पदवी आणली. तेव्हा बेळगावचा नियम गोव्यास किंवा गोव्याचा कोल्हापुरास कोणी लावू नये.

गृहस्थांचा खरा प्रश्न निराळाच होता. "तीन वर्षांनी ती फाडफाड इंग्रजी बोलेल ना? शाळेत नोकरी लागेल ना?" आम्ही त्यांस खोटी आशा दाखविली नाही. इंग्रजी विभाग ही संभाषणाची शिकवणी नव्हे. तेथे काव्य, नाटक, कादंबरी, भारतीयांनी इंग्रजीत लिहिलेले साहित्य, उच्चारशास्त्र, समीक्षा असे विषय असतात. पुस्तकाची पाने उलटण्याचा ज्यास कंटाळा, त्याने तिकडे फिरकू नये. नोकरीचे म्हणाल, तर माध्यमिक शाळेत शिकविण्यास पदवीनंतर बी. एड. लागते व तो अभ्यासक्रम २०१५ पासून दोन वर्षांचा झाला आहे. म्हणजे तीनाची पाच वर्षे झाली. हे ऐकून गृहस्थ गप्प झाले. त्यांच्या एकराच्या उसाचा हिशेब त्यांच्या डोळ्यांपुढे उभा राहिला असावा.

मुलगी इतका वेळ खाली मान घालून उभी होती. ती म्हणाली, "मला ठाऊक आहे फादर. मला वाचायचेच आहे." मग दुय्यम विषय कोणता, असे विचारताच तिने मराठी सांगितले. बापास ते पटेना; मराठी तर घरी येतेच! आम्ही त्यांस फादर थॉमस स्टीफन्स यांची आठवण दिली. इंग्लंडात जन्मलेला तो पुरुष १५७९ साली गोव्यास आला आणि मराठी इतकी शिकला की त्याचे ख्रिस्तपुराण १६१६ साली छापून निघाले. परक्याने आपली भाषा एवढी अभ्यासावी आणि आपण ती नुसती घरी बोलून सोडावी काय?

हे सर्व तपासताना आमचीच एक चूक उघडी पडली, ती लपविण्यात अर्थ नाही. आमच्याच एका वाडीतील तरुण दोन वर्षे सीमेपलीकडे शिकून, वडील अंथरुणास खिळल्यामुळे गेल्या वर्षी घरी परतला. दोन वर्षे पाण्यात गेली काय, असे त्याने विचारले होते, आणि आम्ही सांत्वनाच्या भरात "जाऊ दे, देवाची इच्छा" असे म्हणून मोकळे झालो होतो. नियम वाचण्याचे कष्ट घेतले नाहीत. वस्तुतः त्याच चौकटीनुसार दोन वर्षांत ८० क्रेडिटे मिळवून उन्हाळ्यात चार क्रेडिटांचा व्यवसायविषयक अभ्यास पुरा करणाऱ्यास पदविका मिळू शकते. शिवाय तीन वर्षांच्या आत परत येऊन, एकंदर सात वर्षांच्या मुदतीत, पदवी पुरी करता येते. देवाच्या नावावर आम्ही आमचे अज्ञान खपविले होते.

सोमवारी आम्ही स्वतः त्याच्या घरी गेलो. त्याची आई चुलीपाशी होती, तो गोठ्यात. ऐकून तो काही वेळ बोलला नाही, आम्हांस दोषही दिला नाही. मग हात धुऊन आला आणि ट्रंकेतून चारही गुणपत्रिका काढून आमच्यापुढे मांडल्या. बेरीज केली तेव्हा एक विषय राहिल्याने ७६ क्रेडिटे भरली. तो विषय पुन्हा कधी देता येईल, हे विचारण्यासाठी येत्या गुरुवारी पहिल्या बसने आम्ही दोघे महाविद्यालयाच्या कचेरीत जाणार आहोत.