सव्वा महिना झाला, आई गावी गेली

गेल्या मंगळवारी संध्याकाळी सातच्या सुमाराला आमच्या बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावरून बाळाच्या रडण्याचा आवाज सुरू झाला आणि पावणेआठ झाले तरी थांबेना. बदलापूरच्या हेंद्रेपाड्यात भिंतीला भिंत लागून घरं. कुणाच्या कुकरची कितवी शिट्टी झाली, तेही शेजारी मोजतात. मी वर गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. सहा आठवड्यांचं बाळ. चेहरा लालबुंद, मुठी आवळलेल्या, गुडघे पोटाशी, पोट नगाऱ्यासारखं ताणलेलं. त्याला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारणारी त्याची आईही रडत होती. ओट्यावर ग्राइप वॉटरची बाटली, शेजारी थेंबांच्या औषधाची दुसरी बाटली, वाटीत कालवलेला हिंग. घरभर मीठ-मोहऱ्या जळल्याचा वास. म्हणजे दृष्टही काढून झाली होती.

"काकू, सगळं करून बघितलं. माझं काय चुकतंय?"

तिचं काहीच चुकत नव्हतं. तिची आई चार दिवसांपूर्वी सव्वा महिना उरकून गावी परत गेली होती, आणि नवरा त्या वेळी गर्दीच्या लोकलमध्ये ठाण्याच्या अलीकडे-पलीकडे कुठेतरी लोंबकळत होता. बाळाच्या पोटातल्या वाऱ्याबद्दल मला आज जे म्हणायचं आहे, ते एवढंच आहे.

रडण्यालाही एक चढण असते. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ बेरी ब्रेझल्टन यांनी १९६२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासासाठी ८० बाळांच्या आयांकडून रडण्याच्या रोजच्या नोंदी ठेवून घेतल्या होत्या. धडधाकट, पोटभर दूध पिणारी बाळं ती. दुसऱ्या आठवड्यात दिवसाला साधारण पावणेदोन तास रडणं, सहाव्या आठवड्यात पावणेतीन तास, आणि मग उतार. रडण्याचा जोर संध्याकाळी. तिसरा-चौथा महिना आला की बहुतेक बाळांचं हे रडणं आपोआप ओसरतं. आपल्या बायकांनी वह्या ठेवल्या नाहीत, पण तिन्हीसांजेला बाळ किरकिरतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं; म्हणून तर दृष्ट काढायची वेळ दिवेलागणीची.

आता हे सहा आठवडे आणि आपला सव्वा महिना शेजारी शेजारी ठेवून बघा. रडणं वाढत वाढत शिगेला पोचतं, नेमक्या त्याच दिवसांत मालिशवाल्या मावशींचं येणं थांबतं, आणि आई "आता तुझं तू बघ गं" म्हणत पिशवी भरते. जुन्या रीतीत पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, आणि लेक सासरी जायची ती तिसऱ्या नाहीतर पाचव्या महिन्यात. त्या रीतीत बाईला जाच करणारं पुष्कळ होतं, मी तिचे गोडवे गाणार नाही. पण बाळाचे सगळ्यात रडके दिवस त्या मुदतीत पुरते झाकले जायचे. एकानं दमून खाली ठेवलं की दुसरं उचलायचं. आज बदलापुरातल्या वन बीएचकेमध्ये मुलीची आईच पाहुणी म्हणून येते, आणि तिच्यामागे गावाकडे आजोबांचं पथ्यपाणी, शेत, धाकट्याची परीक्षा असते. ती तरी किती थांबणार?

सरकारी योजनेतही नेमकी इथेच फट आहे. दवाखान्यात बाळंतपण झालं की आशाताई घरी येऊन बाळाला बघतात: तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. त्यानंतरची ठरलेली गृहभेट थेट तिसऱ्या महिन्यात. बेचाळीस दिवस म्हणजे मोजून सहा आठवडे! मधल्या काळात दीड महिन्याची आणि अडीच महिन्यांची लस असते, पण तिथे रांगेत उभं राहून "संध्याकाळी फार रडतो हो" एवढं सांगायलाही सवड मिळत नाही. मधली एक भेट वाढवा, फक्त रडण्याबद्दल बोलायला, अशी माझी मागणी आहे. आशाताईंना तिचे पैसे मिळायला हवेत, हे त्यातच आलं.

आता पोटाबद्दल. बाळ रडतं ते गॅसमुळे, असं आपण धरून चालतो. पुष्कळदा ते उलट असतं. रडताना बाळ हवा गिळतं, ती पोटात साठते, पोट ताणतं, आणि मग तेच ताणलेलं पोट आपल्याला रडण्याचं कारण वाटतं. दूध पिताना स्तनाग्राभोवतीचा काळा भाग बाळाच्या तोंडात नीट गेला नाही तरी हवा आत जाते. बाटलीच्या बुचात दुधाऐवजी हवा राहिली तरी तेच. म्हणून पहिली गोष्ट बघायची ती बाळाला अंगावर कसं घेतलंय, ही.

ढेकर काढण्याचंही तसंच. चंडीगडला ७१ आई-बाळांच्या जोड्यांवर झालेला एक अभ्यास आहे. दर दुधानंतर ढेकर काढलेल्या बाळांची रडारड काही कमी झाली नाही, उलट दूध ओकणं वाढलं. म्हणून ढेकर काढूच नये असं नाही. काढावा; पोकळ तळव्यानं, पाच-दहा मिनिटं, आणि नाही आला तर सोडून द्यावा. झोपलेल्या बाळाला ढेकरासाठी उठवून थोपटत बसणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत. त्यांना कुणीतरी सांगायला हवं की आता तुम्हीही आडव्या व्हा.

"तू काय खाल्लंस?" हा प्रश्न मात्र मला खरंच चीड आणतो. बाळ रडलं की बाळंतिणीच्या ताटातून आधी वांगं जातं, मग बटाटा, मग हरभऱ्याची डाळ, मग सगळंच. डाळीनं आईला गॅस होतो तो आईच्या आतड्यात, आणि आतड्यातला वायू काही दुधात उतरत नाही. थोड्या बाळांना आईच्या आहारातल्या गाईच्या दुधाचं प्रथिन सोसत नाही, हे खरं. पण ते ओळखायचं काम डॉक्टरांचं. सासूबाईंचं नाही, शेजारणीचं तर नाहीच.

बाटल्यांची गोष्ट तशी जुनी आहे. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या विल्यम वुडवर्ड या औषधविक्रेत्यानं १८५१ मध्ये ग्राइप वॉटर तयार केलं. त्यात शेप्याचं तेल, खाण्याचा सोडा, साखर, पाणी, आणि मूळच्या कृतीत चक्क अल्कोहोल. आजच्या बाटलीत अल्कोहोल नाही. राहिला तो शेपा, म्हणजे आपल्या बाळंतिणी पिढ्यान् पिढ्या जेवणानंतर चघळत आल्या तो बाळंतशेपाच. गोड चवीनं बाळ घटकाभर गप्प होतं आणि आपल्याला वाटतं औषध लागू पडलं. सायमेथिकोनचे थेंब पोटातले बुडबुडे फोडतात, पण चाचण्यांमध्ये ते औषध नसलेल्या थेंबांपेक्षा सरस ठरले नाहीत. इथवर नुकसान पैशांचं. पण पोटदुखीच्या काही थेंबांत डायसायक्लोमिन असतं, आणि ते सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला द्यायचंच नसतं, कारण त्यानं श्वास अडखळू शकतो. परवा मी तिसऱ्या मजल्यावरची ती दुसरी बाटली उचलून आधी तेच नाव शोधलं. नव्हतं, नशीब. दुकानातून चिठ्ठीशिवाय "पोटाचे थेंब" आणू नका, ही माझी हात जोडून विनंती आहे.

गुटीबद्दल लिहिताना माझा हात थोडा थबकतो. माझ्या आईची सहाण अजून माझ्या घरी आहे, मधोमध खोलगट झालेली. मुरुडशेंग हातात घेऊन कधी निरखली आहे? सुतळीला पीळ घालावा तशी शेंग, आतड्याला मुरडा पडावा तशी. त्या मुरड्यावरूनच तिला मुरड्याचं औषध मानलं गेलं असणार. आमच्या इथे बारवीच्या बाजूला रानात तिची झुडपं आहेत. तिचे दोन वेढे, हळकुंडाचा एक, बाळहिरड्याचा एक, असं उगाळताना आईच्या चेहऱ्यावर जी निश्चिंती असायची, ती मी विसरणार नाही. तरीही सांगते, सहा महिन्यांपर्यंत बाळाच्या तोंडात आईच्या दुधाशिवाय घरचं काही जाऊ नये. कुणाचा वेढा हलका, कुणाचा भारी. जायफळ जास्त झालं तर बाळ झोपत नाही, गुंगतं. आणि गुंगलेलं बाळ बरं झालेलं नसतं. वेखंडाचंही तसंच. हिंगाचा लेप नाळ पडून बेंबी सुकल्यावर बाहेरून लावलात तर माझी हरकत नाही. तेवढाच ऊबदार हात पोटावरून फिरतो. पोटात मात्र नको. अमेरिकेत एका पाच आठवड्यांच्या बाळाला हिंगाचा अर्क पाजला गेला आणि त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकदच खालावली, अशी १९८४ ची नोंद आहे.

उपायाची ही घाई कुठवर जाते, ते मेळघाटात दिसतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये चिखलदरा तालुक्यातल्या सिमोरी गावात २२ दिवसांच्या बाळाच्या पोटावर तापलेल्या विळ्याचे ६५ चटके दिले गेले. त्याच वर्षी जूनमध्ये मेळघाटातल्याच आणखी एका दहा दिवसांच्या बाळाला पोट फुगलं म्हणून डागलं. बाळाचं पोट फुगलं की डाग द्यायचा, डंबा म्हणतात त्याला. बातमी वाचून मला रात्रभर झोप लागली नाही. त्या घरांतल्या माणसांना राक्षस म्हणायला माझी जीभ वळत नाही. दवाखाना लांब, रात्र अंधारी, बाळ थांबत नाही, आणि काहीतरी करायला हवं ही तगमग. ती तगमग तिसऱ्या मजल्यावर होतीच की. इथे तिला बाटली मिळाली, तिथे विळा.

मग करायचं काय? बाळाला धरायचं. बाळाचं डोकं आपल्या कोपराच्या खाचेत, पोट आपल्या हातावर पालथं, दोन्ही पाय दोन बाजूंना सोडलेले. दुसरा हात पाठीवर ठेवून सावकाश फेऱ्या. नाहीतर आजी आंघोळीला पायांवर घ्यायची तसं पाय लांब करून उताणं घ्यायचं आणि त्याचे गुडघे हळूच पोटाशी नेऊन सोडायचे, सायकल चालवल्यासारखे. पोटावर घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं तळवा फिरवायचा, पण दूध पाजल्या पाजल्या नाही. दिवा मंद, टीव्ही बंद. झोपवायचं मात्र नेहमी उताणंच. आणि स्वतःचा तोल जातोय असं वाटलं तर बाळाला पाळण्यात नीट ठेवून पाच मिनिटं गॅलरीत जायचं. त्यात काही पाप नाही. रागाच्या भरात बाळाला गदागदा हलवलं तर मेंदूत रक्तस्राव होतो. पाच मिनिटांच्या रडण्यानं काही होत नाही.

काही रडणी मात्र घरी थांबवायची नसतात. हिरवी उलटी, शौचातून रक्त, टणक झालेलं आणि हात लावू न देणारं पोट, जांघेत आलेली गाठ, दूध ओढेनासं झालेलं मलूल बाळ, तीन महिन्यांच्या आत १००.४ अंश फॅरनहाइट किंवा वर ताप. यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट बघू नका, रिक्षा थांबवा.

मोठ्या मुलांचा गॅस ही निराळीच गोष्ट, तिच्यावर एकदा सबंध लेख लिहीन. आज एवढंच: पोट दुखतं म्हणणाऱ्या शाळकरी मुलाला आधी विचारा, शौचाला कधी गेला होतास? शाळेतल्या संडासाला घाबरून दिवसभर दाबून धरणारी मुलं घरोघरी आहेत.

हेंद्रेपाडा म्हटलं की बाहेरच्यांना उल्हास नदीचा पूर आठवतो. २०१९ च्या जुलैत पाणी चढलं तेव्हा आमच्या तळमजल्यावरची पोरं न विचारता वरच्या घरांत पोचली होती. कोण कुणाचं, हे त्या रात्री कुणी विचारलं नाही. मग सहा आठवडे संध्याकाळी सात ते आठ शेजारच्या बाळाला खांद्यावर घ्यायला काय हरकत आहे? आणि बापानं तर घ्यायलाच हवं. दीड तास लोकलमध्ये उभं राहून माणूस चिपाडासारखा पिळून निघतो, मला माहीत आहे. पण दिवसभर घरात जी होती तीही पिळूनच निघालेली असते.

मंगळवारी तो नऊला आला. बूट दारात, पाठीवर सॅक तशीच. मी म्हटलं, "आधी हात धू, आणि इकडे ये."

"काकू, मला नाही जमणार. पडेल तो."

"नाही पडत रे. कोपर वाकव. डोकं इथे. आता दुसरा हात पाठीवर."

बाळ चार-पाच मिनिटं किरकिरलं. मग त्याच्या त्या एवढ्याशा अंगातून एक भलामोठा आवाज निघाला, बाळाची आई दिवसभरात पहिल्यांदा हसली, आणि बाळानं मान टाकली. ती जेवायला बसली. तो खोलीच्या मधोमध उभा. मी म्हटलं, "अरे, बस आता." त्यानं नुसती मान हलवली, डोळे बाळावर. सॅक अजून पाठीवरच होती.

— वि. जो.
(‘पाळण्याजवळ’ हे सदर दर रविवारी)