टनावर नको, जागेवर मोजा!

स्टेशनबाहेरच्या ‘पे अँड पार्क’मध्ये बाईक लावताना कुणी कधी तिचं वजन विचारलंय? नाही ना! कुठली गाडी आणि किती तास, एवढाच हिशोब. विमानतळावर मात्र मामला वेगळा आहे.

आपल्याकडे विमानाचं पार्किंग शुल्क मुख्यतः त्याच्या कमाल वजनावर आणि तासांवर ठरतं. पहिले दोन तास साधारणपणे फुकट. आता गल्फस्ट्रीम जी-६५० हे खासगी जेट घ्या. कमाल वजन सुमारे ४५ टन, पंखांचा पसारा ३० मीटर, प्रवासी फार तर १९. तुम्ही-आम्ही बसतो ते एअरबस ए-३२० सुमारे ७८ टनांचं, पंख ३६ मीटर, प्रवासी १८०च्या घरात. जागेत फरक थोडासा, बिलात मात्र मोठा.

‘श्रीमंतांचे चोचले, आपल्याला काय त्याचं?’ असं वाटत असेल, तर तिकिटाचा ब्रेकअप उघडून बघा. त्यात ‘यूडीएफ’ म्हणजे युजर डेव्हलपमेंट फी दिसेल. मोठ्या विमानतळांवर लँडिंग, पार्किंग आणि यूडीएफ हे तिन्ही दर ‘एरा’ ही नियामक संस्था ठरवते. या सगळ्यातून विमानतळाने एकूण किती वसूल करायचं, हे आधी ठरतं. म्हणजे एकाकडून कमी आलं, की उरलेलं दुसऱ्याच्या खिशातून. दिवाळीला विमानाने घरी जाणारा होस्टेलवाला या ‘दुसऱ्यां’मध्येच येतो.

मुंबईत तर जागेचीच बोंब. दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने इथली उड्डाणं कमी करायला लावली आणि खासगी विमानांवरची रोजची बंदी चार तासांवरून आठ तासांवर नेली. पार्किंग मिळालं नाही, तर जेट मालकाला इथे उतरवून दुसऱ्या शहरात रिकामंच मुक्कामाला जातं आणि न्यायला पुन्हा रिकामंच येतं. इंधन जळतं ते जळतंच, वर धावपट्टीही अडते.

म्हणून नुसतं पार्किंग महाग करून भागणार नाही. रिकाम्या फेऱ्याच वाढतील. लँडिंगचा दरही टनावरच आहे. गर्दीच्या तासांत त्याला सगळ्यांसाठी एक ठरावीक किमान रक्कम हवी आणि पार्किंगचा दर अडवलेल्या जागेवर हवा. एअर अॅम्ब्युलन्सला अर्थातच सूट द्या.

हे आपल्या हातात नाही असं समजू नका. दर ठरवण्याआधी एरा कन्सल्टेशन पेपर वेबसाइटवर टाकते आणि लेखी सूचना मागवते. विमान कंपन्या लिहितात, विमानतळवाले लिहितात. विद्यार्थ्यांनी लिहू नये, असा काही नियम नाही. जेटच्या रीलला लाइक देताच, तर त्याच्या पार्किंगवर एक मेलही लिहा!