वापर शून्य आहे, पण कोणत्या तारखेपासून?



बिलिंग सॉफ्टवेअर स्लो झालं की सपोर्टवाला रिमोटवर येतो, थोडं बघतो आणि म्हणतो, "हे चार-पाच इंडेक्स कोणी वापरतच नाही, काढून टाकतो." आपणही लगेच हो म्हणतो. माझं मत स्पष्ट आहे: हा आकडा कधीपासूनचा आहे हे कळल्याशिवाय हो म्हणू नका.

इंडेक्स म्हणजे खतावणीच्या सुरुवातीची नावांची यादी. ती असली की पार्टीचं पान पटकन सापडतं, नसली की अख्खी वही चाळा. कोणती यादी किती वेळा वापरली, हे डेटाबेस मोजत असतो. पण हे मोजमाप गाडीच्या ट्रिप मीटरसारखं आहे. शून्य केलं की पुन्हा पहिल्यापासून सुरू.

आता आपल्या धाडकडचं बघा. बऱ्याच बिलिंग सॉफ्टवेअरच्या मागे मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर असतो. त्याची सर्व्हिस बंद होऊन परत सुरू झाली, की इंडेक्स वापराचे आकडे पुसले जातात. आपण रात्री शटर ओढताना कॉम्प्युटर बंद करतो. दुपारी लाईट गेली की परत तेच. म्हणजे संध्याकाळी दिसणारा "शून्य वापर" फक्त त्या दुपारचा असू शकतो!

पोस्टग्रेसमध्ये नीट बंद करून चालू केलं तर आकडे टिकतात, पण सर्व्हर क्रॅश झाला की जातात. त्यात रीसेटची तारीख दिसते. ती जागा रिकामी असेल तर आकडे पहिल्या दिवसापासूनचे आहेत असं धरून चालू नका. 2023 मध्ये आलेल्या 16 व्हर्जनपासून इंडेक्स शेवटचा कधी वापरला, तेही दिसतं.

दुसरी गोष्ट, दुकानाचे बारा महिने सारखे नसतात. बियाण्याचा लॉट नंबर जून-जुलैत शोधला जातो, उधारीची यादी सोयाबीन-कापूस विकल्यावर निघते, जीएसटीआर-9 डिसेंबरअखेर, मग मार्च एंड. म्हणून 1 एप्रिल ते 31 मार्च असं पूर्ण वर्ष पाहिल्याशिवाय "वापर नाही" म्हणणं मला पटत नाही. आणि एकच बिल नंबर दोनदा पडू नये म्हणून असलेला युनिक इंडेक्स तर शून्य दिसला तरी काढायचा नाही.

कोणी म्हणेल, इंडेक्स परत बनवता येतो की! येतो. पण तो गेलाय हे कळतं कधी? काउंटरवर गर्दी आणि रिपोर्ट फिरतोय, तेव्हा. मग कोणीतरी नवीन कॉम्प्युटर घ्यायला सांगतं, आणि खर्च आपल्या माथी.

तेव्हा सपोर्टवाल्याला दोन कामं सांगा. रोज दुकान बंद करण्याआधी हे आकडे आपोआप सेव्ह व्हावेत, सोबत सर्व्हर सुरू झाल्याची तारीख-वेळही. आणि कोणताही इंडेक्स काढण्याआधी तो परत बनवायची स्क्रिप्ट तुमच्याकडे द्यावी.

गल्ल्यातली रक्कम आपण तारखेशिवाय लिहीत नाही. मग हा आकडा तारखेशिवाय का मानायचा?