इफ्तारनंतरची सिगारेट

शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायची नाही, असा कायदा 2003 पासून आहे. शंभर यार्ड म्हणजे साधारण 91 मीटर. 2018 च्या डिसेंबरात आमच्या शाळेत तंबाखूमुक्त शाळेचे काम माझ्याकडे आले. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. आठवीची चार मुले, एक लांब टेप आणि पिवळ्या रंगाचा डबा घेऊन आम्ही फाटकापासून मोजत निघालो. शंभर यार्ड संपतील तिथे रस्त्याच्या कडेला पिवळी रेघ मारायची होती. चौसष्ट मीटरवर पानाची टपरी लागली. टपरीवाल्याने मुलांकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि हसत विचारले, "सर, तुमची उधारीची वहीपण रेघेच्या बाहेर न्यायची का?"

मुले हसली. मीही हसलो, पण कान गरम झाले होते. संध्याकाळी शहाड स्टेशनवर उतरलो आणि पुलाखालच्या दुसऱ्या टपरीवर जाऊन सिगारेट पेटवली.

हे मुद्दाम कबूल करतो आहे. लाज वाटली की माणूस सुधारतो, असे आम्ही शिक्षक मुलांना सांगत असतो. लाजेने माझी टपरी बदलली, सवय तशीच राहिली.

लाजेच्या आधी भीतीही वापरून झाली होती. माझे एक चाचा भिवंडीत यंत्रमागावर काम करायचे. बारा तासांची पाळी, रात्रीची झोप मारायला तंबाखू-चुना. तीस वर्षे ती चिमूट गालात राहिली आणि शेवटी त्याच गालात कॅन्सर निघाला. त्यांना घेऊन मी कितीतरी वेळा परळच्या टाटा हॉस्पिटलला गेलो. तिथल्या बाकांवर बसलेली माणसे ज्याने पाहिली, त्याला वेगळ्या उपदेशाची गरज नसावी असे कुणालाही वाटेल. मी मात्र चाचांना आत तपासणीला सोडून बाहेर येत होतो आणि फाईल काखेत धरून सिगारेट ओढत होतो. भीतीने जीव घाबरा होतो आणि जीव घाबरा झाला की हात खिशाकडे जातो. 2016 पासून पाकिटाच्या 85 टक्के भागावर भयंकर चित्रे आहेत. आमच्यासारखे लोक सुटी सिगारेट मागत, म्हणजे चित्र दुकानदाराकडेच राही. महाराष्ट्राने 2020 मध्ये सुटी सिगारेट-बिडी विकायला बंदी घातली, ती याच पळवाटेसाठी.

एक गोष्ट इथेच सांगतो. मी सिगारेटबद्दल बोलतो आहे, पण आपल्या राज्यातला मोठा रोग वेगळा आहे. 2016-17 च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातले 26.6 टक्के प्रौढ लोक कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होते. ओढणारे त्यात 3.8 टक्केच. बाकी सारा मामला मळलेल्या तंबाखूचा, माव्याचा, मशेरीचा. 2012 ला गुटख्यावर बंदी आली, तरी पुड्या कुठे मिळतात हे आठवीतल्या पोरालाही ठाऊक असते. तेव्हा 'मी कुठे ओढतो?' म्हणून कुणी हा लेख बाजूला ठेवू नये.

आता मूळ मुद्दा. सिगारेट सोडायला सांगितले की माणूस म्हणतो, "सर, कळतं हो सगळं, पण आपल्यात तेवढी इच्छाशक्ती नाही." मीही एकोणीस वर्षे हेच म्हणत होतो. आणि प्रत्येक रमजानमध्ये हे वाक्य खोटे ठरवत होतो.

मे महिन्यातले रोजे आठवा. पहाटे पाचच्या आत सहरी संपते, इफ्तार संध्याकाळी सातनंतर. चौदा तासांहून जास्त वेळ पाणी नाही, अन्न नाही, चहा नाही, सिगारेट नाही. ज्या माणसाला एरवी लोकल दहा मिनिटे उशिरा आली तर धूर लागतो, तोच माणूस कल्याणच्या गर्दीत, उन्हात, तहानेने घसा सुकलेला असताना चौदा तास सिगारेटला हात लावत नाही. कोणी पहारा ठेवत नाही. शौचालयात जाऊन दोन झुरके मारले तर कुणाला कळणार? तरी मारत नाही. हिला इच्छाशक्ती म्हणायचे नाही तर कशाला म्हणायचे?

मी स्वतःवर लक्ष ठेवले, तेव्हा एक गोष्ट दिसली. रोजात तलफ येत नाही असे नाही. पहिले तीन-चार दिवस डोके ठणकते, चिडचिड होते. पण मनात वाटाघाट होत नाही. एरवी दर तासाला आतला वकील उभा राहतो: एकच ओढ, अर्धी ओढ, आज काम जास्त होते. रोजात हा वकील कोर्टातच येत नाही. सहरीला नियत केली, निकाल लागला. दिवसभर पुन्हा सुनावणी नाही.

आणि मग मगरिबची अजान होते. खजूर, पाण्याचा घोट, दोन भजी. नमाज झाली की मशिदीच्या कोपऱ्यावर दहा-बारा जण उभे असतात. त्यांत मीही असायचो. चौदा तासांची कमाई आम्ही चौदा मिनिटांत धुरात सोडायचो. रिकाम्या पोटी ती पहिली सिगारेट डोक्यात अशी चढायची की भिंतीला टेकावे लागे. कोपऱ्यावरची चर्चा मात्र गंभीर असे. सिगारेट मकरूह की हराम? जुने उलेमा काय म्हणाले, आताचे बरेच जण हराम का म्हणतात? या वादात मी पडत नाही. ज्याला सोडायचीच आहे त्याने वादाचा निकाल लागेपर्यंत थांबायचे कारण नाही, एवढेच म्हणतो.

तीन रमजानमध्ये मी महिनाभर रात्रीचीही सोडून पाहिली. तिन्ही वेळा जमले. तिन्ही वेळा चाँदरातीला मित्रांनी "मुबारक हो" म्हणत पाकीट पुढे केले आणि मी घेतली.

असे का होते, हे मला इराणच्या इतिहासातल्या एका प्रसंगावरून उमजले. 1890 मध्ये इराणच्या शाहने तंबाखूचा सगळा व्यापार एका इंग्रजाच्या हाती दिला. लोक खवळले. 1891 च्या डिसेंबरात मिर्झा शिराझी या मोठ्या धर्मगुरूंच्या नावाने फतवा निघाला की आता तंबाखू ओढू नये. हुक्क्यावर जगणारा तो देश. पण बाजार बंद झाले, हुक्के फुटले. शाहच्या स्वतःच्या जनानखान्यातही कुणी हुक्का भरेना. जानेवारी 1892 मध्ये शाहने माघार घेतली आणि करार रद्द झाला. फतवा उठला आणि लोक पुन्हा हुक्का ओढू लागले.

माझी चाँदरात हीच होती. अख्खा देश एका हुकमावर तंबाखू सोडू शकतो, म्हणजे ताकदीचा प्रश्न नाही. पण सोडण्याचे कारण जिथे संपते, तिथे सोडणेही संपते. इराणी लोकांचे कारण करार रद्द झाल्यावर संपले, माझे ईदच्या चंद्राबरोबर. माझ्या हिंदू मित्रांचे श्रावणात असेच होते. महिनाभर सगळे बंद आणि महिना संपला की मागचे भरून काढणे. मला कारण हवे होते ते न संपणारे. ज्याला शेवटची तारीख नाही आणि ज्याची आठवण रोज कुणीतरी करून देईल असे.

ते मला पाचवीच्या वर्गात मिळाले. उर्दूतले काही उच्चार घशाच्या अगदी तळातून काढावे लागतात. क़ाफ, ऐन, ग़ैन. मी म्हणायचे आणि मुलांनी मागून म्हणायचे, अशी पद्धत आहे. एके दिवशी मी 'क़ाफ' म्हटले आणि सवयीप्रमाणे खोकलो. चाळीस मुलांनी एका सुरात 'क़ाफ' म्हटले आणि एका सुरात खोकली. त्यांनी खोडी काढली नव्हती. त्यांना तो उच्चाराचाच भाग वाटला होता.

त्या दिवशीही मी सिगारेट सोडली नाही. पण ती गोष्ट आत राहिली. टपरीवरची लाज त्या संध्याकाळपुरती होती. हा वर्ग मात्र रोज पहिल्या तासाला माझ्यासमोर बसणार होता. माझा श्वास, माझा आवाज हे माझे हत्यार आहे. गवंड्याने थापी गंजू द्यावी, तसे मी ते गंजू देत होतो.

2019 च्या रमजानमध्ये मी पुन्हा सोडली. या वेळी दोन गोष्टी बदलल्या. पहिली, नियत 'रमजानपुरती' केली नाही. शाळा उघडेल त्या दिवशी पहिल्या तासाला न खोकता क़ाफ म्हणायचा, अशी केली. शाळा ईदनंतर जूनच्या मध्यात उघडणार होती, म्हणजे चाँदरात ही वाटेतली एक रात्र झाली. दुसरी, इफ्तारनंतरच्या अर्ध्या तासाची सोय आधीच लावली. त्या वेळी कोपऱ्यावर जायचे नाही. मगरिबनंतर सरळ घरी, मिसवाक तोंडात, मग बायकोबरोबर जेवण आणि तरावीहची तयारी. चाँदरातीला मी मित्रांना फोन करून आधीच सांगितले की या वर्षी पाकीट पुढे करू नका. दोघे हसले. तिसऱ्याने विचारले, "कसं जमवतोयस?"

मग 27 जुलै उजाडला. उल्हास नदीला पूर आला, वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली, आमच्याकडेही नदीकाठच्या वस्त्या पाण्यात होत्या. रात्रभर लोकांचे सामान हलवत होतो. ओल्या कपड्यांत, कुडकुडत असताना कुणीतरी पेटवलेली सिगारेट हातात दिली. मी ओढली. नंतर आणखी एक. सकाळी वाटले, संपले सगळे. आता काय, चालू द्या.

तेव्हा अम्मी म्हणाली, "रोजा सुटला तर कजा करतात. राहिलेले रोजे सोडत नाहीत." तिने सहज म्हटले, पण माझे काम झाले. आजारपणात, प्रवासात एक रोजा राहिला म्हणून कुणी अख्खा रमजान सोडून देत नाही. तो मागे ठेवायचा, नंतर फेडायचा आणि उद्याची सहरी करायची. सिगारेट सोडणारे बहुतेक लोक पहिल्याच चुकीला हरतात, ते चुकीमुळे नाही तर 'आता संपले' या विचारामुळे. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा नियत केली. त्यानंतर ओढलेली नाही.

यात सगळे नियतीवरच सोडा असे मी म्हणत नाही. निकोटीन काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोचते आणि शरीर त्याचे गुलाम होते. सोडल्यावर पहिले दोन-तीन दिवस सर्वांत कठीण, नंतर दोन-चार आठवड्यांत ओढ उतरते. रमजानचा महिना या हिशोबात अगदी नेमका बसतो. तरीही ज्याला झेपत नाही त्याने डॉक्टरांना विचारून निकोटीनचा गम किंवा औषध घ्यावे; त्यात कमीपणा नाही. 1800-11-2356 हा सरकारचा मोफत फोन आहे, तिथे समुपदेशक बोलतात. आणि चाळिशी उलटलेल्या माझ्या वयाच्या भावांनी 'आता काय उपयोग' म्हणू नये. ब्रिटनमधल्या सुमारे 34 हजार पुरुष डॉक्टरांवर 1951 पासून पन्नास वर्षे लक्ष ठेवले गेले. चाळिशीत ज्यांनी सोडली त्यांना ओढत राहणाऱ्यांपेक्षा सुमारे नऊ वर्षे जास्त मिळाली, पन्नाशीत सोडणाऱ्यांना सहा आणि साठीतही तीन.

मशिदींच्या जबाबदार लोकांना एक विनंती आहे. शेवटच्या जुम्याला खुतब्याआधी जे बोलता, त्यात दोन मिनिटे या कोपऱ्यासाठी काढा. दोजखची भीती घालू नका, ती आम्ही पाकिटावर पाहतो. एवढेच सांगा की तुम्ही चौदा तास रोज सोडताच आहात, राहिलेले दहा तास उरले आहेत. आणि चाँदरातीला जो मित्र 'नको' म्हणेल, त्याच्यापुढे पाकीट दुसऱ्यांदा धरू नका.

टपरीवाल्याची उधारी मी त्याच जूनमध्ये फेडली. टपरी आता रेघेच्या बाहेर गेली आहे. जाता-येता तो हात करतो, मी थांबून चहा घेतो. परवा म्हणाला, "सर, एक गिऱ्हाईक गेलं माझं." मी म्हटले, "तूही सोड, म्हणजे दोन जातील." तो हसला, पण नेहमीसारखे उत्तर दिले नाही. यंदाच्या रमजानला त्याला पुन्हा विचारणार आहे.