भोवत्यांची हजेरी



पाऊस उघडला, ज्वारी निसवली, की आपल्या शिवारात काही पाहुणे न बोलावता येतात. गवताळ पडिकावरून, अगदी जमिनीलगत, लांब पंखांचा आणि लांब शेपटीचा एक शिकारी पक्षी संथपणे तरंगत जाताना तुम्ही पाहिला असेल. ती घार नव्हे. घारीची शेपटी दुभंगलेली असते. हा भोवत्या. याच्या बहुतेक जातींत नर राखी रंगाचा, तर मादी तपकिरी, शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा असलेली. मध्य आशियातील गवताळ मैदानांतून हे पक्षी सप्टेंबर-ऑक्टोबरात येतात आणि मार्च-एप्रिलात परत जातात.

तुम्ही म्हणाल, साहेब, पिकाचे सांगायचे सोडून पक्ष्याचे काय काढले? सांगतो.

अक्कलकुव्याच्या पश्चिमेला, खंबायतच्या आखातापलीकडे, भावनगर जिल्ह्यात वेळावदरचे गवताळ रान आहे. भोवत्या झाडावर झोपत नाही. जमिनीवर, गवतात, आणि जमावाने झोपतो. त्यामुळे तिन्हीसांजेला एका जागी बसून तो मोजता येतो. वेळावदरला अशी मोजणी झाली, तेव्हा एकाच मुक्कामी हजारांहून अधिक भोवत्या भरले. त्यांनी ओकून टाकलेल्या गोळ्या तपासल्या, तर त्यांत मुख्यत्वे टोळ आणि नाकतोडे निघाले. म्हणजे हा पाहुणा आपल्या पिकाच्या शत्रूवर जगतो. उंदीरही खातो. मजुरी मागत नाही.

मोजणीचा उपयोग काय, तेही ऐका. अमेरिकेत हॉक माउंटन नावाच्या डोंगरावर लोक ससाणे आणि गरुड बंदुकीने टिपत असत. 1934 साली रोझाली एज या बाईंनी तो डोंगर भाड्याने घेऊन शिकार बंद केली, आणि तेथे पक्ष्यांची मोजणी सुरू झाली. पुढे डीडीटीचा वापर वाढला, तेव्हा मोजणीत गरुडांची कोवळी पिले कमी भरू लागली. मोठे गरुड दिसत होते, पण पिढी वाढत नव्हती. रेचेल कार्सन यांनी 1962 सालच्या आपल्या पुस्तकात ही नोंद पुराव्यादाखल मांडली. अमेरिकेने 1972 साली डीडीटीवर बंदी घातली. आपल्याकडे शेतीतील वापर 1989 साली बंद झाला. वही नसती, तर उणीव कोणाच्या ध्यानात आली असती?

नोकरीच्या सुरुवातीला हरभऱ्यावर एक अळी दिसली की मीही लगेच फवारणी सांगत असे. आता मी आधी अळ्या मोजायला सांगतो. एक मीटर ओळीत एक-दोन घाटेअळ्या भरल्या, तरच औषधाचा विचार करा. विष कीटकावर पडते, कीटक पक्ष्याच्या पोटात जातो. आपणच आपला राखणदार मारतो.

तेव्हा यंदा एवढे करा :

1. गावाजवळच्या गवताळ रानात भोवत्यांचा मुक्काम असेल, तर ते गवत हिवाळाभर पेटवू नका. तेथे कुत्री सोडू नका.

2. विषारी आमिषाने मेलेले उंदीर बांधावर फेकू नका. गोळा करून खोल खड्ड्यात पुरा.

3. दर पंधरवड्याला एकदा, दिवस मावळण्याआधी तासभर, ठरलेल्या एकाच जागी दूर बसा. मुक्कामाला उतरणारे पक्षी अंधार पडेपर्यंत मोजा. तारीख, वेळ व संख्या वहीत लिहा. एकही न दिसल्यास शून्य लिहा. तोही हिशेबच आहे.

हे काम शाळेत जाणाऱ्या मुलामुलींकडे द्या. त्यांचे डोळे आपल्यापेक्षा तीक्ष्ण असतात. दुधाचा, मजुरीचा हिशेब आपण ठेवतोच. त्याच वहीत शेवटचे एक पान पाहुण्यांना द्या. पाच वर्षांनी ते पान उघडून पाहाल, तेव्हा शिवाराची तब्येत कशी आहे, हे तुम्हाला कोणा अधिकाऱ्याला विचारावे लागणार नाही.