२२/७ वरच थांबले?



‘भारतीय गणिती २२/७ वरच थांबले’ हे गेल्या अंकातील लेखाचे विधान चूक आहे. इ. स. ११५०च्या ‘लीलावती’त भास्कराचार्य π (परीघ आणि व्यास यांचे गुणोत्तर) साठी २२/७ फक्त व्यवहारापुरते देतात, सूक्ष्म मान ३९२७/१२५०, म्हणजे ३.१४१६. मीटरभर व्यासाच्या चाकाचा परीघ २२/७ने सव्वा मिलिमीटर फुगतो. ३.१४१६ने मिलिमीटरचा शंभरावा भागही नाही.

गोलाचे पृष्ठफळ मध्यवर्तुळाच्या चौपट, हे आर्किमिडीजने आधी सिद्ध केले, एवढे मान्य. पण भास्कराचार्यांनी ते सूत्र त्याच्याकडून घेतले, या ‘उसनवारी’चा पुरावा लेखकाने दिलेला नाही. आधीचा गणिती लल्ल याचे चुकीचे सूत्र खोडताना भास्कराचार्यांनी गोलाचे पट्टे पाडून हिशेब मांडला होता.

आणि लेखक म्हणतात तशी ही सूत्रे ‘परीक्षेपुरती’? ट्रॉम्बेतील सायरस अणुभट्टीचा घुमट काही नजरेच्या अंदाजाने उभा राहिला नाही!

– एक वाचक, ट्रॉम्बे